लिनक्स संगणकावरील सुरक्षित बिनतारी जाळे : महाविद्यालयीन गरज, रचना व दक्षता

सारांश : महाविद्यालयांतील प्रशासकीय व शैक्षणिक कामकाज बिनतारी इंटरनेट जोडणीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. त्याच वेळी जुन्या संगणकांवर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसविण्याकडे कल वाढण्यास सबळ कारण निर्माण झाले आहे. प्रस्तुत लेखात लिनक्स संगणक बिनतारी जाळ्याला सुरक्षितपणे कसा जोडावा, त्यामागील तत्त्व कोणते आणि अमरावती-अकोला परिसरातील महाविद्यालयांनी कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन केले आहे. जाळ्याने वापरकर्त्यास ओळखणे जितके आवश्यक आहे, तितकेच वापरकर्त्याच्या संगणकाने जाळ्यास ओळखणे आवश्यक आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

बीजसंज्ञा : लिनक्स, वाय-फाय, पासवर्ड, प्रमाणपत्र, डब्ल्यूपीए, महाविद्यालयीन संगणकजाळे.

प्रस्तावना

अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातील उच्च शिक्षणाची दोन प्रमुख केंद्रे आहेत. १९८३ साली स्थापन झालेल्या आणि आज संत गाडगे बाबांचे नाव धारण करणाऱ्या अमरावती विद्यापीठाचे कार्यक्षेत्र अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम या पाच जिल्ह्यांत पसरलेले आहे. अकोल्यास १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ कार्यरत आहे. या परिसरातील महाविद्यालयांत संगणक ही केवळ प्रयोगशाळेतील वस्तू राहिलेली नाही. प्रवेशाचे अर्ज, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीची पडताळणी, अंतर्गत गुणांची नोंद, नॅकसाठीची माहिती, ग्रंथालयाची सूची अशी कितीतरी कामे संगणकावर आणि त्यातही वाय-फायवर होतात.

या कामांसाठी वापरले जाणारे अनेक संगणक जुने आहेत. विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी लागणारी यंत्रसामग्री जुन्या संगणकांत नसते. अशा संगणकासमोर तीन मार्ग उरतात : तो मोडीत काढणे, सुरक्षा-दुरुस्त्यांविना धोका पत्करून वापरणे, अथवा त्यावर लिनक्स बसविणे. तिसरा मार्ग खर्चाच्या दृष्टीने सर्वांत सुलभ आहे. उबुंटू, डेबियन यांसारख्या प्रणाली विनामूल्य मिळतात. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध असून तीत मराठीचाही समावेश आहे. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतूनही दिले आहेत.

तथापि लिनक्स बसविल्याने संगणक आपोआप सुरक्षित होत नाही. वाय-फायच्या बाबतीत तर सुरक्षितता ही कार्यप्रणालीच्या नावावर नव्हे, तर जोडणीच्या वेळी केलेल्या निवडीवर अवलंबून असते. ही निवड अनेकदा घाईत केली जाते. पडद्यावर आलेला प्रश्न न वाचता खूण करून पुढे जाणे हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्या एका खुणेचा अर्थ काय, हे संगणकशास्त्राच्या बाहेरील प्राध्यापकांनाही कळणे अगत्याचे आहे.

उद्दिष्टे

१. असुरक्षित बिनतारी जाळ्यामुळे संस्थेवर येणाऱ्या जबाबदारीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतींचा विकास व त्यांतील फरक समजावून घेणे.
३. लिनक्स संगणक सुरक्षितपणे जोडण्याची प्रक्रिया सांगणे.
४. महाविद्यालयांनी अंगीकारावयाची व्यवस्था व दक्षता सुचविणे.

जबाबदारीचा प्रश्न : २००८ चा अनुभव

बिनतारी जाळे उघडे राहिल्यास काय घडू शकते, याचे गंभीर उदाहरण महाराष्ट्राने २००८ साली अनुभवले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल पोहोचला होता. तपासाचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या इंटरनेट जोडणीपर्यंत गेला. त्याचे वाय-फाय असुरक्षित होते आणि त्याचा गैरवापर अन्य कोणी केला होता. त्या गृहस्थास मात्र चौकशीला सामोरे जावे लागले. यानंतर २३ ऑगस्ट २००८ रोजी असाच एक ईमेल माटुंगा येथील गुरु नानक खालसा महाविद्यालयाच्या बिनतारी जाळ्यावरून, तर १३ सप्टेंबर २००८ रोजी, दिल्लीतील स्फोटांच्या दिवशी, चेंबूर येथील एका खासगी कंपनीच्या जाळ्यावरून पाठविला गेला.

या घटनांतील समान सूत्र महत्त्वाचे आहे. जाळ्याच्या मालकांचा कटाशी संबंध नव्हता, परंतु इंटरनेटवर उमटलेला पत्ता त्यांचाच होता. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीस आयपी क्रमांक असतो. महाविद्यालयाच्या राउटरमागे शेकडो उपकरणे असली, तरी बाहेरून पाहणाऱ्यास बहुधा एकच क्रमांक दिसतो. त्या क्रमांकामागे त्या क्षणी नेमके कोण होते, हे सांगण्याचे साधन महाविद्यालयाकडे नसेल, तर संशयाचा पहिला रोख संस्थेकडेच वळतो.

या अनुभवानंतर मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय जाळी शोधण्याची मोहीम हाती घेतली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना दिल्या आणि वापरकर्त्यांच्या केंद्रीय ओळख-पडताळणीवर भर दिला. पुढे २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संघटनांवर संगणकीय सुरक्षेच्या ठराविक घटना सहा तासांत कळविण्याचे आणि नोंदी १८० दिवस जतन करण्याचे बंधन आले. शिक्षणसंस्थांनीही हाच मानदंड आपल्यासमोर ठेवणे हिताचे आहे.

वाय-फायच्या कुलपांचा विकास

तारेच्या जोडणीत माहिती तारेतून जाते, म्हणून ती चोरण्यास तारेपर्यंत पोहोचावे लागते. बिनतारी जोडणीत माहिती रेडिओ लहरींतून सर्व दिशांना जाते. भिंतीपलीकडील, रस्त्यावरील अथवा शेजारच्या इमारतीतील संगणकही ती ग्रहण करू शकतो. त्यामुळे लहरी अडविणे नव्हे, तर लहरींतील माहिती इतरांना वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात पाठविणे, म्हणजेच कूटलेखन, हा सुरक्षेचा पाया ठरतो.

१९९७ च्या मूळ वाय-फाय मानकात वेप नावाची पद्धत होती. तीत प्रत्येक संदेशासोबत २४ बिटांची एक बदलती संख्या वापरली जाई. अशा संख्या सुमारे १ कोटी ६८ लाखच होतात. वर्दळीच्या जाळ्यात त्या काही तासांत संपून पुन्हा वापरात येतात आणि पुनरावृत्ती हीच चोराची किल्ली ठरते. २००१ साली फ्लुरर, मँटिन व शमीर या संशोधकांनी वेपमधील मूलभूत दोष दाखविला. २००७ पर्यंत वेपची किल्ली एका मिनिटाच्या आत शोधण्याची रीत प्रसिद्ध झाली.

वेपला तातडीचा पर्याय म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये एईएस या भक्कम कूटलेखनावर आधारित डब्ल्यूपीए-२ ही पद्धत आली. बेल्जियममधील संशोधक मॅथी व्हानहूफ यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ च्या हस्तांदोलनातील, म्हणजे संगणक व राउटर यांच्यातील आरंभीच्या देवाणघेवाणीतील, क्रॅक नावाचा दोष उघड केला. लिनक्समध्ये वाय-फायची किल्ली ठरविण्याचे काम डब्ल्यूपीए-सप्लिकंट हा प्रोग्राम करतो. त्याच्या तत्कालीन आवृत्त्यांत या दोषाचा परिणाम विशेष गंभीर होता, कारण केवळ शून्यांनी बनलेली किल्ली बसविली जाण्याची शक्यता होती. दोष जाहीर होताच दुरुस्तीही उपलब्ध झाली, पण ती केवळ अद्ययावत केलेल्या संगणकांपर्यंत पोहोचली. लिनक्स बसवून वर्षानुवर्षे अद्ययावत न करणे किती घातक आहे, हे यावरून ध्यानात येते.

२०१८ पासून डब्ल्यूपीए-३ ही पद्धत उपलब्ध आहे. तीत हस्तांदोलन ऐकून घेऊन नंतर निवांतपणे पासवर्डचे अंदाज पडताळता येत नाहीत. प्रत्येक अंदाजासाठी जाळ्याशी नव्याने संपर्क साधावा लागतो. शिवाय पुढे कधी पासवर्ड कळला, तरी आधी टिपून ठेवलेली माहिती उलगडता येत नाही.

पासवर्डचे गणित

डब्ल्यूपीए-२ मध्ये हा निवांत अंदाजांचा धोका कायम आहे. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर थांबलेली व्यक्ती एखाद्या संगणकाचे हस्तांदोलन काही क्षणांत टिपू शकते. त्यानंतर तिला जाळ्याजवळ थांबण्याचीही गरज नसते. घरी बसून ती एकेक पासवर्ड पडताळू शकते. आजचे एक शक्तिशाली ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे दहा लाख अंदाज पडताळते.

आपल्याकडे मोबाईल क्रमांक हाच वाय-फायचा पासवर्ड ठेवण्याची सवय रूढ आहे. भारतीय मोबाईल क्रमांक दहा अंकी असून त्याचा पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९ असतो. म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. सेकंदाला दहा लाख या गतीने त्या सर्व पडताळण्यास ४,००० सेकंद, म्हणजे सुमारे ६७ मिनिटे लागतात. एका तासिकेहून थोडा अधिक वेळ पुरतो.

याउलट दोन हजार साध्या मराठी शब्दांची यादी घेऊन त्यांतील पाच शब्द चिठ्ठ्या टाकून निवडले आणि रोमन अक्षरांत जोडून लिहिले, तर शक्यतांची संख्या इतकी मोठी होते की त्याच गतीने सर्व पडताळण्यास सुमारे एक हजार वर्षे लागतील. चार शब्द घेतल्यास हा काळ साधारण सहा महिन्यांवर येतो. म्हणून पाच शब्द अधिक श्रेयस्कर. शब्द निवडताना चिठ्ठ्यांवरच विसंबावे. म्हण, अभंगाची ओळ अथवा संस्थेचे ब्रीदवाक्य घेऊ नये, कारण प्रचलित वाक्ये अंदाजांच्या यादीत आधीच असतात. या पद्धतीत पासवर्ड किमान ८ व कमाल ६३ अक्षरांचा असू शकतो. पाच शब्द या मर्यादेत सहज बसतात.

लिनक्स संगणकाची पूर्वतयारी

पुढे उल्लेखिलेल्या आज्ञांचे उच्चार येथे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित कराव्या लागतात.

प्रथम वाय-फायचे कार्ड लिनक्सला ओळखू येते की नाही, हे पाहावे. संगणकाच्या आतील कार्डासाठी 'एलएसपीसीआय' आणि यूएसबीद्वारे जोडलेल्या कार्डासाठी 'एलएसयूएसबी' ही आज्ञा टर्मिनलमध्ये दिल्यास कार्डाच्या चिपचे नाव दिसते. आज बहुतेक चिपचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. मात्र काही कार्डांना निर्मात्याने दिलेला फर्मवेअर नावाचा स्वतंत्र आज्ञासंच लागतो. डेबियनने जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचातच समाविष्ट केले. जुन्या आवृत्तीत ते वेगळे घ्यावे लागते. त्यासाठी तात्पुरती तारेची जोडणी किंवा यूएसबी केबलने जोडलेल्या मोबाईलचे इंटरनेट वापरता येते.

कार्ड ओळखले जाऊनही वाय-फाय सुरू होत नसेल, तर 'आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्यावी. ती दोन प्रकारचे अडथळे दाखविते. सॉफ्ट ब्लॉक आज्ञेने दूर होतो. हार्ड ब्लॉक असल्यास लॅपटॉपच्या कडेची कळ सरकवावी लागते किंवा कळफलकावरील वाय-फायचे बटण दाबावे लागते.

यानंतर संपूर्ण प्रणाली अद्ययावत करावी. कार्यालयात अनोळखी वाय-फायवरून नव्हे, तर शक्यतो तारेच्या जोडणीवरून हे काम करावे.

घर व लहान कार्यालयातील जोडणी

घरी किंवा चार-पाच जणांच्या कार्यालयात एक सामायिक पासवर्ड पुरेसा असतो. येथे पहिले काम राउटरवर करावयाचे असते. राउटरच्या व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३ निवडावा. जुनी उपकरणे असल्यास डब्ल्यूपीए-२ व एईएस निवडावे. राउटर व संगणक यांच्यात आठ अंकी क्रमांकाने जोडणी करून देणारी डब्ल्यूपीएस ही सोय बंद करावी. २०११ साली दिसून आले की हा क्रमांक दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने सुमारे ११ हजार प्रयत्नांत तो शोधता येतो. अशा वेळी पासवर्ड कितीही भक्कम असला, तरी त्याचा उपयोग राहत नाही.

लिनक्सच्या बाजूने बहुतेक प्रणालींत नेटवर्क-मॅनेजर हा प्रोग्राम जोडणी सांभाळतो. पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हावर टिचकी मारून जाळे निवडता येते. टर्मिनलमधून 'एनएमसीएलआय डिव्हाइस वाय-फाय लिस्ट' ही आज्ञा दिल्यास परिसरातील जाळ्यांची यादी येते व तीतील सुरक्षेच्या स्तंभात प्रत्येकाचा प्रकार दिसतो. हा स्तंभ आधी वाचावा. तेथे वेप लिहिलेले असल्यास किंवा काहीच लिहिलेले नसल्यास त्या जाळ्यावर कार्यालयीन काम करू नये. टर्मिनलमधून जोडताना पासवर्ड आज्ञेच्या ओळीत लिहू नये, कारण ती ओळ आज्ञांच्या इतिहासात साठून राहते. 'आस्क' हा पर्याय वापरल्यास प्रणाली पासवर्ड स्वतंत्रपणे विचारते.

राउटरवर डब्ल्यूपीए-२ व डब्ल्यूपीए-३ हे दोन्ही प्रकार एकत्र सुरू असतील, तर जोडणीच्या मांडणीत डब्ल्यूपीए-३ स्पष्टपणे निवडावा. अन्यथा बनावट जाळे उभारून संगणकास जुन्या पद्धतीकडे वळविता येते. या संमिश्र व्यवस्थेत पासवर्ड लांब असणे तितकेच गरजेचे आहे.

पासवर्ड कोठे साठतो, हेही पाहावे. जोडणी सर्व वापरकर्त्यांसाठी खुली ठेवल्यास नेटवर्क-मॅनेजर पासवर्ड एका फाईलमध्ये साध्या अक्षरांत ठेवतो. ती फाईल केवळ व्यवस्थापकास म्हणजे रूट वापरकर्त्यास वाचता येते. प्रयोगशाळेतील संगणकावर विद्यार्थ्यांना व्यवस्थापकाचे अधिकार दिलेले असल्यास तो पासवर्ड गुप्त राहत नाही.

महाविद्यालयातील व्यवस्था : प्रत्येकाची स्वतंत्र ओळख

घरासाठी योग्य असलेली सामायिक पासवर्डची पद्धत महाविद्यालयात अपुरी ठरते. पाचशे जणांना ठाऊक असलेला पासवर्ड गुपित उरत नाही. एक विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला, तर सर्वांचा पासवर्ड बदलावा लागतो. प्रत्यक्षात तो बदलला जात नाही. शिवाय डब्ल्यूपीए-२ मध्ये सामायिक पासवर्ड ठाऊक असणारी व्यक्ती दुसऱ्याचे हस्तांदोलन टिपून त्याच्या जोडणीवरील कूटलेखन उलगडू शकते. संकेतस्थळांच्या स्वतंत्र कूटलेखनामुळे आज पुष्कळसा मजकूर तरीही झाकलेला राहतो, पण ते श्रेय महाविद्यालयाच्या जाळ्याचे नव्हे. अनेक विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या दिवशी इंटरनेटवरून केंद्रावर येतात, ही बाब लक्षात घेतल्यास प्रश्नाचे गांभीर्य कळते.

यावरील उपाय म्हणजे वाय-फायची एंटरप्राइज पद्धत. तीत प्रत्येक प्राध्यापक, कर्मचारी व विद्यार्थ्यास स्वतंत्र नाव व पासवर्ड मिळतो. राउटर स्वतः निर्णय न घेता रेडियस नावाच्या सर्व्हरला विचारतो. लिनक्सवर चालणारा फ्री-रेडियस हा मुक्त प्रोग्राम त्यासाठी विनामूल्य उपलब्ध असून महाविद्यालयाच्या आकारमानानुसार साध्या संगणकावरही तो चालतो. संस्था सोडून जाणाऱ्याचे केवळ एक खाते बंद करावे लागते आणि कोणते खाते कोणत्या वेळी जोडले गेले, याची नोंद राहते. २००८ च्या घटनांतून निर्माण झालेल्या प्रश्नाचे हेच उत्तर आहे.

तथापि या पद्धतीची एक बाजू बहुधा दुर्लक्षित राहते. जाळे वापरकर्त्याची ओळख तपासते, पण वापरकर्त्याचा संगणक जाळ्याची ओळख तपासतो का? वाय-फायचे नाव कोणीही ठेवू शकतो. ग्रंथालयाबाहेरील बाकावर बसलेली व्यक्ती स्वतःच्या लॅपटॉपवरून महाविद्यालयाच्याच नावाचे जाळे सुरू करू शकते. प्राध्यापकांचा संगणक नाव ओळखून तिकडे वळला आणि त्याने आपली ओळख सादर केली, तर तिच्या आधारे पासवर्ड शोधता येतो. अनेकदा तोच पासवर्ड ईमेलचा अथवा गुणनोंदीचाही असतो.

हे टाळण्यासाठी सर्व्हरकडे प्रमाणपत्र असते. जसे धनादेशावरील स्वाक्षरी बँकेतील नमुन्याशी ताडून पाहतात, तसे संगणकाने सर्व्हरचे प्रमाणपत्र आपल्याजवळील विश्वसनीय प्रमाणपत्राशी ताडून पाहावयाचे असते. नेटवर्क-मॅनेजरच्या चौकटीत यासाठी सीए प्रमाणपत्राची जागा असते. तिच्याखाली प्रमाणपत्राची आवश्यकता नाही, अशा अर्थाची खूण करण्याची सोय असते. घाईत केली जाणारी ती खूण हीच. ती केली की जोडणी लगेच होते आणि जाळ्याची ओळख तपासण्याची व्यवस्था बंद पडते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हा धोका आणखी स्पष्ट झाला. डब्ल्यूपीए-सप्लिकंटमधील एक दोष त्या महिन्यात जाहीर झाला. प्रमाणपत्र तपासण्याची मांडणी केलेली नसेल, तर पासवर्ड ठाऊक नसतानाही बनावट जाळे संगणकास आपल्याकडे जोडून घेऊ शकते, असे त्यातून दिसून आले. प्रमाणपत्राची योग्य मांडणी केलेले संगणक या दोषापासून सुरक्षित होते.

लिनक्स संगणकावर योग्य मांडणी पुढीलप्रमाणे करावी.

१. सुरक्षेचा प्रकार एंटरप्राइज व पडताळणीचा प्रकार पीईएपी निवडावा. अंतर्गत पडताळणीसाठी संस्थेने सांगितलेला प्रकार, बहुधा एमएस-चॅप-व्ही-२, निवडावा.
२. संस्थेने दिलेली सीए प्रमाणपत्राची फाईल जोडावी. ही फाईल त्याच वाय-फायवरून न घेता संगणक विभागातून पेनड्राइव्हवर प्रत्यक्ष घ्यावी.
३. डोमेनच्या जागी सर्व्हरचे अचूक नाव लिहावे. प्रमाणपत्र सार्वजनिक संस्थेने दिलेले असल्यास हे अनिवार्य समजावे, कारण त्याच संस्थेकडून इतर कोणीही स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र मिळवू शकतो.
४. प्रमाणपत्राची आवश्यकता नाही, ही खूण कदापि करू नये.
५. वाय-फायचा पासवर्ड ईमेल अथवा बँकेच्या पासवर्डहून वेगळा ठेवावा.

हीच पद्धत एज्युरोम या आंतरराष्ट्रीय शैक्षणिक व्यवस्थेत वापरली जाते. भारतात तिचे संचालन अर्नेट इंडिया ही संस्था करते. सहभागी संस्थेतील प्राध्यापक दुसऱ्या सहभागी संस्थेत गेल्यास आपल्याच नावाने तेथील वाय-फाय वापरू शकतो. पाहुण्यास पासवर्ड सांगण्याची वेळच येत नाही.

वीज, घड्याळ व प्रमाणपत्र

जुन्या संगणकांच्या बाबतीत एक अडचण वारंवार उद्भवते. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. काही वर्षांनी ती क्षीण होते. मग वीज जाताच संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे जाते. वऱ्हाडात एकेकाळी भारनियमनाने दिवसातील कित्येक तास वीज नसे. ती स्थिती आज राहिलेली नसली, तरी उन्हाळ्यातील वादळी पावसात किंवा दुरुस्तीच्या दिवशी वीज जातेच. दिवाळीच्या व उन्हाळी सुट्यांत तर संगणकांचा वीजपुरवठा दीर्घकाळ बंद ठेवला जातो.

प्रमाणपत्रास वैधतेचा आरंभ व शेवट असतो. संगणकाची तारीख मागे गेली की आजचे खरे प्रमाणपत्रही त्याला अद्याप वैध न झालेले वाटते आणि तो जोडणी नाकारतो. तारीख इंटरनेटवरून दुरुस्त होते, पण इंटरनेट तर जोडणीनंतरच मिळणार. या कोंडीत सापडलेला वापरकर्ता प्रमाणपत्राची तपासणी बंद करतो, जोडणी होते आणि ती खूण कायमची राहून जाते. अशा प्रकारे एका स्वस्त बॅटरीच्या अभावी संपूर्ण सुरक्षाव्यवस्था निकामी होते.

उपाय सोपा आहे. जुन्या संगणकावर लिनक्स बसवितानाच सीआर-२०३२ ही सामान्यतः वापरली जाणारी बॅटरी बदलावी. जोडणी नाकारली गेल्यास प्रथम पडद्यावरील तारीख पाहावी व ती हाताने दुरुस्त करावी. सिस्टमडी-टाइमसिंकडी हा लिनक्समधील वेळ जुळविणारा प्रोग्राम शेवटची ज्ञात वेळ जतन करून ठेवतो. त्यामुळे संगणक सुरू होताना घड्याळ किमान तेथपर्यंत तरी पुढे येते. तो सुरू ठेवावा. ज्या राउटरवर परीक्षा विभाग अवलंबून आहे, त्यास इन्व्हर्टर किंवा यूपीएसचा आधार द्यावा.

सुरक्षिततेचे काही भ्रम

पहिला भ्रम वाय-फायचे नाव लपविण्याचा. नाव लपविल्याने जाळे लपत नाही. उलट ते शोधण्यासाठी संगणक जेथे जाईल तेथे ते नाव घेऊन हाक मारीत राहतो. दुसरा भ्रम मॅक पत्त्याच्या यादीचा. ठराविक उपकरणांचे मॅक पत्ते नोंदवून केवळ त्यांनाच प्रवेश देण्याची पद्धत काही ठिकाणी सुरक्षेचा मुख्य उपाय मानली जाते. हा पत्ता लहरींतून उघडपणे जातो आणि लिनक्सवर तो एका आज्ञेने बदलता येतो. नेटवर्क-मॅनेजर तर खासगीपणासाठी तो बदलण्याची सोय स्वतःच देतो. तिसरा भ्रम, लिनक्सला धोका नसतो, हा. २०१७ व २०२४ मधील वर उल्लेखिलेल्या दोन्ही घटना त्याचे पुरेसे खंडन करतात.

निष्कर्ष

१. बिनतारी जाळ्यावरून घडणाऱ्या कृत्याचा पहिला माग जाळ्याच्या मालकापर्यंत पोहोचतो. त्यामुळे वाय-फायची सुरक्षा हा केवळ संगणक विभागाचा तांत्रिक प्रश्न नसून संस्थेच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न आहे.
२. वेप व मूळ डब्ल्यूपीए या पद्धती त्याज्य आहेत. डब्ल्यूपीए-३ श्रेयस्कर असून जुन्या कार्डांसाठी लांब पासवर्डसह डब्ल्यूपीए-२ स्वीकारार्ह आहे.
३. मोबाईल क्रमांक पासवर्ड म्हणून वापरणे पूर्णतः थांबविले पाहिजे. चिठ्ठ्यांनी निवडलेले पाच शब्द लक्षात ठेवण्यास सोपे व शोधण्यास अत्यंत कठीण असतात.
४. महाविद्यालयात प्रत्येकास स्वतंत्र ओळख देणारी एंटरप्राइज पद्धत असावी. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. गरज आहे ती इच्छाशक्तीची व एका प्रशिक्षित व्यक्तीच्या वेळेची.
५. सर्व्हरच्या प्रमाणपत्राची तपासणी बंद केल्यास एंटरप्राइज पद्धतीचा मुख्य लाभच नाहीसा होतो. जोडणी होत नसल्यास तपासणी बंद न करता तारीख, डोमेनचे नाव व प्रमाणपत्राची फाईल या क्रमाने कारण शोधावे.

जुन्या संगणकास लिनक्सद्वारे नवे आयुष्य देणे हे काटकसरीचे आणि पर्यावरणाच्याही हिताचे कार्य आहे. त्या संगणकावरून विद्यार्थ्यांचे गुण, शिष्यवृत्तीसाठी दिलेले आधार क्रमांक व बँक खात्यांचे तपशील जाणार असतील, तर त्याची जोडणी करताना घालविलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत. विद्यार्थ्याने विश्वासाने सोपविलेली माहिती जपणे हा अध्यापनाच्या कर्तव्याचाच एक भाग आहे.